आधी फावडे, मग दोर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पाऊस लागला की वृत्तपत्रांत एक ठरावीक छायाचित्र छापून येते. मालाने भरलेला ट्रक एका अंगावर कललेला, मागची चाके अर्धी चिखलात, समोर ट्रॅक्टर, मध्ये ताणलेली वायर रोप आणि तिला अगदी खेटून उभी असलेली पंधरा-वीस माणसे. रुतलेली अवजड वाहने काढणे हे आमचे काम. असे छायाचित्र पाहिले की आमची नजर ट्रकवर नसते, त्या माणसांच्या पायांवर असते. दोर त्या क्षणी तुटला असता तर त्यांतले कितीजण उभे राहिले असते, एवढेच मनात येते. म्हणून हे पत्र, आणि जागा थोडी जास्त मागतो आहोत.

गाडी रुतली की हाताशी साधारण चार गोष्टी असतात: इंजिन, माणसे, दोर आणि फावडे. बहुतेक ठिकाणी त्या याच क्रमाने वापरल्या जातात. आधी ॲक्सिलरेटर दाबून पाहायचा, मग सगळ्यांनी ढकलायचे, मग ट्रॅक्टर बोलवायचा आणि काहीच जमले नाही की खणायला घ्यायचे. आमचे म्हणणे एवढेच आहे की फावडे पहिले आले पाहिजे. का, ते आकड्यांत सांगतो.

चाक गाडीला किती जोराने पुढे रेटू शकते याला हद्द असते. त्या चाकावर पडलेले वजन गुणिले जमिनीची पकड, एवढाच तो जोर. इंजिन कितीही मोठे असले तरी ही हद्द बदलत नाही. कोरड्या डांबरावर पकड साधारण ०.७ ते ०.८ धरतात, ओल्या गवतावर ०.२ ते ०.३. आता १६ टनांचा भरलेला दोन धुऱ्यांचा (ॲक्सलचा) ट्रक घ्या, त्यातले १० टन मागच्या धुऱ्यावर. पकड ०.३ धरली तर त्याला मिळणारा जोर ३ टन. गवताळ जमिनीवर गाडी नुसती सरकायलाच वजनाच्या सुमारे एक सप्तमांश जोर लागतो, म्हणजे २.३ टन. चढाच्या प्रत्येक अंशाला वजनाचा साठावा भाग आणखी लागतो. तीन अंशांचा चढ डोळ्यांना जाणवतही नाही, पण तेथे ०.८ टन वाढले आणि गरज ३.१ टनांवर गेली. ट्रक तेथेच थांबणार. चालकाची यात काहीच चूक नाही.

रिकामा ट्रक हलका असतो म्हणून सहज निघेल, ही समजूतही याच हिशोबात मोडते. ६ टनांच्या रिकाम्या ट्रकचे मागच्या धुऱ्यावर जेमतेम ३ टन असतात. जोर मिळतो ०.९ टन आणि नुसते सरकायला लागतात ०.८६ टन. सपाट मैदानावरसुद्धा तो घसरणीच्या काठावर उभा असतो. त्यामुळे माल उतरवायचा की नाही हे वजन कोणत्या धुऱ्यावर आहे ते पाहून ठरवावे. मागची चाके नुसती घसरत असतील तर त्यांच्यावरचा माल उतरवून उलट नुकसान होते. गाडी खोल गेली असेल तर मात्र माल उतरवलाच पाहिजे.

चाक जागच्या जागी फिरू लागले की पाय ताबडतोब उचलावा. ओल्या गवतावर पहिल्या फेऱ्यांत पाती चिरडून त्यांचा चोथा टायरच्या खाचांत बसतो आणि टायर गुळगुळीत होतो. पुढच्या फेऱ्यांत मुळे उखडतात आणि त्यानंतर चाक स्वतःची विहीर खणू लागते. गवताखालची जमीन अनेकदा बरीच घट्ट असते. वरचा थर शाबूत आहे तोवर चार फळ्यांनी काम भागते, तो फाडला की तेच काम दिवसभराचे होते. मागच्या धुऱ्यावर शेजारी-शेजारी बसवलेल्या जोडचाकांच्या मधल्या फटीत चिखल भरला की दोन टायरांचे मिळून एकच रुंद गुळगुळीत चाक बनते. तो चिखल पहारीने काढल्याशिवाय पुढचा प्रयत्न करूच नये.

एकच चाक फिरते आणि दुसरे गप्प उभे राहते, याचेही अनेकांना कोडे वाटते. साधे डिफरन्शियल (इंजिनाचा जोर धुऱ्याच्या दोन चाकांत वाटणारा गिअरचा संच) दोन्ही चाकांना सारखाच जोर देते आणि तो किती असेल हे कमी पकड असलेले चाक ठरवते. एक चाक चिखलात पाव टन जोर घेत असेल तर कोरड्या जमिनीवरच्या चाकालाही पाव टनच मिळतो. दोन्ही चाके एकत्र फिरवणारा डिफरन्शियल लॉक असेल तर तो चाके पूर्ण थांबलेली असताना लावावा. फिरत्या चाकावर लावला तर आतले दाते तुटतात. लॉक लावल्यावर स्टिअरिंग सरळ ठेवावे आणि घट्ट जमिनीवर येताच लॉक काढावा. नव्या गाड्यांत चाक घसरले की इंजिनाचा जोर आपोआप कमी करणारी यंत्रणा असते. ती चिखलात गाडीला मधेच दम तोडायला लावते, म्हणून तेवढ्यापुरती बंद करावी. ट्रॅक्टरला डाव्या-उजव्या चाकाचे ब्रेक वेगळे असतात. फिरणाऱ्या चाकाचा ब्रेक हलका दाबला की जोर दुसऱ्या चाकाकडे जातो.

थांबल्यावर खाली उतरून वाकून पाहावे. चाके किती खोल गेली यापेक्षा पोट कशावर टेकले आहे हे महत्त्वाचे. डिफरन्शियलचे हाउसिंग, पाट्यांचे बोल्ट, डिझेलची टाकी, ट्रेलरचे पाय यांतले काहीही जमिनीला टेकले असेल तर गाडी चाकांवर उभीच नाही. मग चाकाखाली काहीही घाला, उपयोग नाही. दुसरे म्हणजे चाकाशेजारी पहार उभी दाबून पाहावी. वीतभर-दीड वीत खाली टणक लागले तर तेथवर खणून चाक त्या थरावर आणता येते. पहार नुसतीच आत जात राहिली तर तळ शोधण्यात वेळ घालवू नये, वजन फळ्यांवर पसरवण्याची तयारी करावी. सायलेन्सरचे तोंड चिखलात असेल तर इंजिन सुरू करण्याआधी ते मोकळे करावे. नाहीतर विषारी धूर गाडीखालीच कोंडतो आणि तेथे कोणीतरी खणत असतो.

आता फावड्याचा हिशोब. अमेरिकी सैन्याच्या वाहने ओढून काढण्याच्या प्रशिक्षणात एक सोपा ठोकताळा शिकवतात. चिखल चाकाच्या मध्यापर्यंत असेल तर ओढायला गाडीच्या वजनाइतका जोर लागतो, मडगार्डपर्यंत असेल तर दुप्पट आणि केबिनपर्यंत असेल तर तिप्पट. आपल्या १६ टनांच्या ट्रकला मडगार्डपर्यंतच्या चिखलातून काढायला ३२ टन लागतील. चांगल्या स्थितीतली २० मिलिमीटरची नवी वायर रोपसुद्धा साधारण २३ टनांना तुटते. म्हणजे सगळे ठरल्याप्रमाणे झाले तरी दोर तुटणारच. त्याऐवजी पोटाखालचा चिखल काढला, चारही चाकांपुढे उतार खणला आणि गाडी उथळ चिखलातून चालल्यासारखी निघू लागली, तर विरोध वजनाच्या एक तृतीयांशाच्या आसपास येतो, म्हणजे सव्वापाच-साडेपाच टन. तीन-चार माणसांनी केलेल्या खणण्याने जवळपास २६ टनांचा भार उतरतो. तेवढा भार ओढायला किती ट्रॅक्टर आणावे लागतील याचा विचार करावा.

खणताना दिशा आधी ठरवावी. बहुतेक वेळा आलो त्याच वाटेने, मागे जाणे सोपे पडते. ती चाकोरी दाबलेली असते आणि तिच्या पलीकडे घट्ट जमीन आहे हे माहीत असते. जायच्या दिशेला प्रत्येक चाकापुढे निदान चाकाच्या उंचीइतका लांब, हळूहळू वर येणारा उतार काढावा. फक्त ओढीच्या चाकांपुढेच नव्हे, सगळ्यांपुढे. पुढची चाके खड्ड्याच्या उभ्या कडेला अडली की मागच्यांनी कितीही रेटले तरी व्यर्थ. खड्ड्यात पाणी साचले असेल तर उताराच्या बाजूला चर काढून ते आधी वाहू द्यावे. चिकट मातीत चाक आणि पोट अक्षरशः चिकटून बसतात. कडेने पहार घालून हवेला वाट केली की निम्मी पकड तेथेच सुटते.

उतार झाला की त्यावर चाकाला धरायला काही द्यावे. ५ सेंटिमीटर जाडीच्या, दोन-अडीच मीटर लांब लाकडी फळ्या सर्वांत चांगल्या. त्या चाकाच्या पुढे नुसत्या टेकवू नयेत, टोक टायरखाली ठोकून घट्ट बसवावे. फांद्या घालायच्या तर चाकोरीला आडव्या, हात-दीड हात जाडीचा थर करून घालाव्यात. खडी, विटांचे तुकडे, जाडी वाळू चालते. ओल्या गवतावर गोणपाट उत्तम काम देते. पेंढ्याचा पातळ थर मात्र टाळावा, तो ओला झाला की गवतापेक्षाही निसरडा होतो. चाक फिरले तर फळी मागे गोळीसारखी सुटते. म्हणून चाकांच्या रेषेत पुढे-मागे कोणीही उभे राहू नये. फळीला दोरी बांधून ठेवावी, म्हणजे गाडी निघाल्यावर ती चिखलातून शोधत बसावे लागत नाही.

चाक उचलून त्याखाली फळी घालायची असेल तर जॅक लागतो, आणि येथे फार चुका होतात. मऊ चिकणमाती दर चौरस सेंटिमीटरला सुमारे अर्धा किलो भार सोसते. चाकावर ४ टन असतील तर जॅकखाली ८,००० चौरस सेंटिमीटर बूड हवे, म्हणजे जवळपास ९० बाय ९० सेंटिमीटर. तळहाताएवढ्या लाकडाच्या तुकड्यावर जॅक ठेवला की गाडी उचलली जात नाही, जॅकच खाली जातो, आणि तोही तिरका होऊन. आडव्या-उभ्या फळ्यांचे दोन थर करावेत, उचललेल्या प्रत्येक वीतभर उंचीला धुऱ्याखाली ठोकळे रचत जावे. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हातही घालू नये.

टायरची हवा कमी करणे हा उपाय हलक्या गाड्यांना जितका लागू पडतो तितका भरलेल्या ट्रकला पडत नाही, तरी उपयोग होतो. १०० ते १२० पीएसआयच्या टायरमधून एक तृतीयांशपर्यंत हवा काढावी, त्याहून जास्त नाही. टायरचा जमिनीला टेकणारा भाग लांब होतो. पण जोडचाकांच्या बाजू एकमेकींना घासता कामा नयेत आणि वेग माणसाच्या चालीइतकाच हवा. पुन्हा हवा भरल्याशिवाय रस्त्यावर जायचे नाही. हवा भरायची सोय जवळ नसेल तर काढूच नये.

एवढे झाले की गाडी स्वतःच्या जोरावर एकदा काढून पाहावी. दुसऱ्या गिअरमध्ये, इंजिनचे फेरे कमी ठेवून, क्लच सावकाश सोडत. गाडी थोडी सरकून अडली तर त्याच क्षणी थांबावे, मागे घ्यावी, पुन्हा पुढे. दर झुल्याला चाकोरी थोडी लांबते आणि गाडीला गती मिळते. अशा दोन-तीन प्रयत्नांत नाही निघाली तर पुन्हा खाली उतरून खणावे. क्लचचा जळका वास आला तर काम थांबवावे. चिखलाच्या मधोमध जळालेली क्लचप्लेट म्हणजे दुप्पट अडचण. आणि ढकलणाऱ्यांविषयी: दहा माणसे घट्ट जमिनीवर उभी राहून फार तर ३००-४०० किलोंचा जोर लावतात, चिखलात पाय घसरत असताना त्याहून पुष्कळ कमी. १६ टनांच्या ट्रकला त्याने काही फरक पडत नाही. गाडी मागे आली तर मात्र ती दहा माणसे चाकांच्या वाटेत असतात.

आता दोर. आधी कशाला बांधायचा ते. चेसिसला कारखान्यातून दिलेला हुक किंवा पुढचा टोइंग पिन, एवढ्याच जागा. बंपर, स्टिअरिंगचे रॉड, पाटे, शिडी, टाकीचे पट्टे यांना कधीही नाही. ट्रेलर जोडलेला असेल तर तो सोडवावा, त्याच्या पायांखाली फळ्या घालाव्यात, पुढची गाडी बाहेर काढावी आणि मग ट्रेलर लांबून ओढावा. दोराला गाठ मारली की त्याची ताकद सुमारे निम्मी होते. वायर रोपचे फासे क्लिपने करायचे असतील तर १२ मिलिमीटरच्या दोराला निदान तीन, २० मिलिमीटरला चार क्लिप लागतात. क्लिपचा यू आकाराचा बोल्ट दोराच्या तोकड्या टोकावर आला पाहिजे आणि खोगीर (क्लिपचा दुसरा, खाचेचा भाग) ताणाच्या दोरावर. उलटे बसवले की बोल्ट ताणाचा दोर चिरडतो. पीळ पडलेला, चेपलेला, तारा तुटलेला दोर या कामाला घेऊच नये. ओला झालेला नायलॉनचा दोर १० ते १५ टक्के ताकद गमावतो, हेही धरून चालावे. शॅकलवर (दोर हुकाला जोडायच्या, पिन असलेल्या लोखंडी कडीवर) भार कोरलेला असतो. १९ मिलिमीटरच्या चांगल्या शॅकलवर ४.७५ टन असतो. ज्यावर काहीच कोरलेले नाही ते शॅकल बाजूला ठेवावे.

दोन हुकांना दोन दोर बांधून पुढे एकत्र आणले तर त्यांच्यातला कोन लहान ठेवावा. ६० अंशांना प्रत्येक दोरावर एकूण ताणाचा ५८ टक्के भार येतो. १२० अंशांना प्रत्येकावर पूर्ण भार येतो, म्हणजे दोन दोर लावूनही दोरांची मदत शून्य.

ओढणारी गाडी कोठे उभी आहे, यावर सगळे ठरते. ८ टनांचे वाहन ओल्या गवतावर अडीच टनही नीट ओढू शकत नाही. कोरड्या डांबरावर तेच दुपटीहून अधिक ओढते. म्हणून दोर लांब घ्यावा आणि ओढणाऱ्याला रस्त्यावर उभे करावे. रुतलेल्या गाडीवर कप्पी लावून दोराचे दुसरे टोक घट्ट खुंटाला बांधले तर त्याच ताणात जवळपास दुप्पट जोर मिळतो, दहा टक्क्यांच्या आसपास घर्षणात जातात आणि वेग निम्मा होतो. हा निम्मा वेगच खरा फायदा आहे, कारण गाडी निघते ती संथ, एकसारख्या ओढीने.

हिसका देऊ नये. हे वाक्य आपण ठळक छापलेत तर बरे होईल. १० टनांचे वाहन ताशी ५ किलोमीटर वेगाने सुटले आणि ढिला दोर ताणून १० सेंटिमीटरमध्ये थांबले, तर दोरावर सरासरी १० टनांचा धक्का बसतो आणि ऐन क्षणी तो धक्का जवळपास २० टनांवर जातो. साखळी आणि वायर रोप ताणत नाहीत, म्हणून धक्का गिळतही नाहीत. तुटते ते सर्वांत कमजोर ठिकाणी, आणि तुटलेला हुक दोरासकट काचेतून आत येतो. दोर आधी अलगद ताणून घ्यावा, मधोमध जड ओले पोते किंवा घोंगडे टाकावे, आणि दोराच्या लांबीच्या दीडपट अंतरात दोन चालकांशिवाय कोणी नको. २० मीटर दोर असेल तर ३० मीटर. छायाचित्रकारही त्यात आले. ताणलेला दोर ओलांडायचा नाही. खुणा एकाच माणसाने करायच्या, थांबण्याची खूण मात्र कोणीही केली तरी मानायची.

ओढण्याआधी हवेच्या ब्रेकचा काटा पाहावा. इंजिन बंद ठेवून तासन्‌तास खणत राहिले की टाकीतली हवा उतरते आणि स्प्रिंगचे ब्रेक आपोआप लागतात. मग ओढणारा जाम झालेली चाके ओढत राहतो आणि सगळे चिखलाला दोष देतात.

ट्रॅक्टरने ओढताना दोर फक्त ड्रॉबारला (मागे खाली असलेल्या ओढायच्या दांड्याला), मागच्या धुऱ्याच्या मध्यापेक्षा खाली बांधावा. टॉप लिंकला (अवजारे जोडायच्या वरच्या दांड्याला) किंवा धुऱ्यालाच बांधला आणि रुतलेली गाडी हलली नाही, तर ट्रॅक्टरची पुढची चाके उचलली जातात आणि तो मागे उलटतो. याला दीड सेकंद लागतो. पाय क्लचपर्यंत पोहोचायला तेवढा वेळ पुरत नाही. ट्रॅक्टर स्वतः रुतला असेल तर मागच्या चाकांना ओंडका बांधून पुढे काढण्याची युक्ती करतात, तिचा शेवट असाच होतो. चाक अडते आणि ट्रॅक्टर त्याच्याभोवती फिरतो. रुतलेला ट्रॅक्टर मागेच घ्यावा किंवा दुसऱ्याने ओढावा.

डंपरचा माल जागीच ओतून हलके होऊ, असे वाटते तेव्हा डंपर सरळ आणि टणक जमिनीवर आहे ना हे पाहावे. हौदा वर जाताना वजन उंच चढते, एका बाजूची चाके आणखी खचतात आणि गाडी आडवी होते. काँक्रीटचा मिक्सर आणि अर्धवट भरलेला टँकर यांना बाजूने ओढू नये, त्याच कारणाने. जेसीबीच्या दातांना साखळी अडकवणेही धोक्याचे. दातावरून ती निसटते. मागून बकेटने रेटले तर बॉडी दबते आणि बकेट घसरून वर चढते.

गाडी बाहेर आली की लोक पांगतात. चालकाने मात्र अर्धा तास द्यावा. जोडचाकांमधला दगड काढावा, तो वेगात मागच्या वाहनावर उडतो. टायरच्या बाजू कापल्या आहेत का ते पाहावे, चाकांचे नट आवळावेत, हवा भरावी, रस्त्यावर आणलेला चिखल काढावा. पहिले काही अंतर ब्रेक हलके दाबत चालवून ते वाळवावेत, ओले ड्रम पहिल्या उतारावर धरत नाहीत. धुरा पाण्यात बुडाला असेल तर दुसऱ्या दिवशी डिफरन्शियलचे तेल तपासावे. ते दुधासारखे पांढुरके दिसले तर पाणी आत गेले आहे. तेल बदलल्याशिवाय गाडी भरू नये.

आपले,
रुतलेली अवजड वाहने काढण्याचे काम करणारे काही वाचक